मोखाड्याला काय न्यावं – प्रोटीन पावडर, बिस्किटं की अंडी?

वळवाचा_पाऊस
नमस्कार मंडळी. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत दर पावसाळ्यात एक 'उपक्रम' असतो. मागच्या वर्षी वह्या वाटल्या, त्याआधी झाडं लावली (ती कुठे आहेत ते विचारू नका). यंदा मोखाडा तालुक्यातला एक पाडा ठरलाय आणि विषय आहे कुपोषण. वर्गणी जमली ४२ हजार. ग्रुपवर आतापर्यंतची यादी अशी: प्रोटीन पावडरचे डबे, बिस्किटांचे पुडे, चॉकलेटं, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी केलेले डिंकाचे लाडू. मी अंडी सुचवली तर दोन मजल्यांवरून निषेध आला.

काय न्यावं, हा साधा प्रश्न. त्यामागचा दुसरा जरा अवघड आहे. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक तिथे गेले होते, हे मी वडिलांकडून ऐकत आलोय. तेव्हा हा भाग आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१६ च्या पावसाळ्यात पुन्हा जव्हार-मोखाड्याच्याच बातम्या. घरापासून तीन तासांच्या अंतरावर इतक्या वर्षांत हे सुटत का नाही? जाणकारांनी सांगावं.

खवचट_काका
रुमाल टाकून ठेवतो. झाडांचं काय झालं ते मात्र सांगाच.

गुलमोहर८२
+१. बिस्किटं नकोत. मैदा, साखर आणि पाम तेल. त्यापेक्षा राजगिरा लाडू किंवा चिक्की.

स्टेथोवाली
बालरोगतज्ज्ञ आहे. बाँडची नोकरी त्याच भागातल्या एका सरकारी रुग्णालयात केली, म्हणून लिहिते.

प्रोटीन पावडर कृपा करून नेऊ नका. 'प्रोटीन कमी, म्हणून प्रोटीन द्या' इतकं ते सरळ नाही. अतितीव्र कुपोषित मूल, ज्याला आम्ही 'सॅम' म्हणतो, आजारी असेल तर त्याचं यकृत, मूत्रपिंड, आतडी सगळं मंद चालीवर गेलेलं असतं. त्याच्यावर पहिल्याच दिवशी प्रथिनांचा मारा केला तर ते जिवावर बेतू शकतं. पोषण पुनर्वसन केंद्रात आधी एफ-७५ नावाचं पातळ दूध देतात, त्यात प्रथिनं मुद्दाम कमी ठेवलेली असतात, १०० मिलीत ७५ कॅलरी. मूल सावरलं, भूक लागायला लागली की मग एफ-१००. तुमचा डबा पाड्यावर कोण, कुठल्या मुलाला, कुठल्या पाण्यात कालवून देणार आहे?

आणि सॅम मूल डोळ्यांनी ओळखता येतंच असं नाही. दंडाचा घेर ११५ मिमीच्या खाली असेल तर सॅम, ११५ ते १२५ च्या मध्ये असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. पण काही मुलं सुजून गुबगुबीत दिसतात. पायावर अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो, तेव्हा कळतं. अशा एका बाळाला बघून भेटीला आलेले पाहुणे "हे छान आहे हं" म्हणाले होते. त्या वॉर्डात सगळ्यात गंभीर तेच होतं.

वळवाचा_पाऊस
बाप रे. पावडर यादीतून बाद. धन्यवाद डॉक्टर.

हडसनकाठचा
इथे न्यू जर्सीत बसून सल्ला देतोय म्हणून शिव्या घालू नका. पण शेंगदाण्याची जी तयार पेस्ट मिळते (शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं), ती २००५ मध्ये आफ्रिकेत नायजरच्या दुष्काळात हजारो मुलांना घरच्या घरी दिली गेली. पाणी लागत नाही, शिजवावी लागत नाही. मग तीच का नाही?

खवचट_काका
शेंगदाणा आपला, गूळ आपला, आणि पेस्ट पाकिटातून यायची. विकास विकास म्हणतात तो हाच.

धारणीकर
काका, हसून सोडून देऊ नका. आमच्या मेळघाटात अशी पेस्ट इथल्या इथे बनवून झाली आहे. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातवांची 'महान' संस्था आहे, त्यांनी सॅम पोरांना असाच आहार घरी देऊन पाहिला. पोरं सावरतात, याबद्दल वाद नाही.

पण सावरलेलं पोरगं जाते कुठं? त्याच घरी. जिथं सोयाबीन आलं आणि कुटकी, सावा, कोदो ही भरड धान्यं गेली. सोयाबीन घरात शिजत नाही जी, व्यापाऱ्याकडे जाते. पैसा येतो अन् पोळ्याच्या आत संपतो. पावसाळ्यात कणगी रिकामी, कामं सगळ्यात जास्त, ताप-हगवण सगळ्यात जास्त, आणि नाल्याला पूर आला की रस्ता बंद. आमच्याकडं दरसाली पोरं झडतात ती याच महिन्यांत. १९९३ पासून पुढारी येतात, फोटो काढतात, उच्च न्यायालयात याचिका चालतात, तारखा पडतात. इतक्यात चिखलदऱ्याला रेस्टॉरंटं मात्र चिक्कार झाली.

सडेतोड
थोडं कडू बोलतो. दारू, एकामागून एक पोरं, सोळाव्या वर्षी लग्न आणि आजारी पडलं की भगत. मेळघाटात पोटफुगी झालेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, हे पेपरात वाचलंय. सरकार सगळं फुकट देतंय. पालकांची काही जबाबदारी आहे की नाही?

गुलमोहर८२
सडेतोड यांच्याशी अंशतः सहमत. वाईट वाटतं, पण अज्ञान हे मोठं कारण आहेच.

शेवळाची_भाजी
मी जव्हार तालुक्यातली, कोकणा आदिवासी. आई गेली एकवीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. धागा सकाळपासून वाचतेय. लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सडेतोड, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसातला आमच्या पाड्यावरचा एक दिवस सांगते, मग जबाबदारीचं बोलू. बाई पहाटे उठते, पाणी भरते, भाकरी टाकते आणि उजाडताना शेतावर. बाळ एक वर्षाचं. ते आजीजवळ, आणि आजीही आवणीला गेली असेल तर सात वर्षांच्या ताईजवळ. भाकरी दोनदा होते, सकाळी आणि रात्री. मोठ्या माणसाचं दोनदा खाऊन भागतं. पण वर्षाच्या बाळाचं पोट वाटीएवढं, त्याला दिवसातून पाचदा भरवायला हवं. पण भरवणाऱ्याचा हात तिथे नाही. ताईकडे भाकरी असते, ती बाळाला तुकडा देते. बाळ तो चोखतं आणि मातीत टाकतं. यात अज्ञान कुठे आलं? माझ्या आईइतकं 'सहा महिन्यांनंतर वरचा आहार' हे वाक्य महाराष्ट्रात कोणी म्हटलं नसेल. पाड्यावरच्या बायांना ते पाठ आहे. त्यांना वेळ नाही.

आणि अंगणवाडीत गरम जेवण मिळतं ते ३ ते ६ वर्षांच्या मुलांना. तीनच्या खालच्यांना घरी न्यायचा कोरडा आहार. म्हणजे ज्या वयात मूल खरं घसरतं, त्याच वयात आपण पाकीट हातात देऊन मोकळे. सुकडीची पाकिटं कोंबड्यांना घातली म्हणून आमच्यावर हसतात. एकदा खाऊन बघा, मग कोंबड्यांच्या हिमतीचं कौतुक कराल.

खवचट_काका
शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या. बाकीच्या प्रतिसादावर काही बोलण्याची माझी लायकी नाही.

धारणीकर
चटक्यांचं खरं आहे, सडेतोड. त्याला आमच्याकडे 'डंबा' म्हणतात. वाईटच आहे, मी त्याची वकिली करणार नाही. पण रात्री दोनला बाळ रडून निळं पडलं, तर उठून दार उघडणारा माणूस गावात एकच, तो भुमका, म्हणजे आमच्याकडचा भगत. दवाखाना पंधरा किलोमीटर, मध्ये नाला. आणि तिथं बोलायचं कोणत्या भाषेत? कोरकू मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही, तिचं कूळच वेगळं, मुंडारी. शहरातून आलेल्या डॉक्टरला बाईचं 'पोट फुगलं' सुद्धा समजत नाही. म्हणून तर आता भुमकांनाच बैठकीला बोलावून, "पेशंट आमच्याकडे पाठवा" अशी गळ घालायचे प्रयोग झाले. शिव्या घालून काम झालं असतं तर कधीचं झालं असतं.

आकडेमोड
सडेतोड आणि गुलमोहर, दोन आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, अख्खा महाराष्ट्र: २०१५-१६ मध्ये उंचीच्या मानाने वजन कमी असलेली पाच वर्षांखालची मुलं २५.६ टक्के. २०१९-२१ मध्ये किती? २५.६ टक्के. तीव्र गटातली तर ९.४ वरून १०.९ वर गेली. म्हणजे एकूण दर चार मुलांत एक. आदिवासी राज्यात साधारण ९ टक्के, तेव्हा हा आकडा फक्त पाड्यांवरून भरत नाही. तुमच्या-माझ्या शहरातली मुलंही त्यात आहेत.

उलटही सांगतो, नाहीतर इथे सगळा काळोखच दिसेल. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, पुढे त्याने पहिल्या हजार दिवसांवर जोर दिला. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २३ वर आलं होतं. तेव्हा हलतंच नाही असं नाही.

सडेतोड
आकडे मान्य. जबाबदारीचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण 'पाचदा भरवणारा हात' हे माझ्या डोक्यात नव्हतं, हे कबूल.

शाकाहारी_मावळा
अंड्यांचा आग्रह कशाला? पनीर, सोयाबीन, मूग आहेत की. पैसे देणाऱ्यांच्या भावनांचा काही विचार?

कोंबडीवडे
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

शाकाहारी_मावळा
प्र.का.टा.आ.

संपादक
वरचे दोन्ही प्रतिसाद काढले आहेत. अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर याआधीचे तीन धागे उपलब्ध आहेत, तिथे जावे.

शेवळाची_भाजी
पनीर! मोखाड्यात! आमच्याकडे वारल्या-कातकऱ्यांच्या घरी खेकडे, मासे, उंदीर, सगळं खातात आणि त्यावरच मुलं वाढली. जंगल पातळ झालं तशी ताटातली ती बाजू गेली. पहिल्या पावसात माझं नाव असलेली भाजी मिळते, मग लोत, टाकळा, भारंगी. नंतर करांदे. हल्ली शेवळं पहिली ठाण्या-दादरच्या बाजारात जातात, कारण वाट्याला चांगला भाव मिळतो. घरी त्या पैशाचं मीठ-मिरची-तेल येतं आणि मुलांसाठी पाच रुपयांचे कुरकुरे. यात कोणाची चूक काढायची ते मला अजून कळलेलं नाही.

नाचणीवाली_आजी
मी जरा आडवाटेला जाते. नाचणीचं सत्त्व म्हणून जे गाळून पांढरंशुभ्र करतात ते बाळाला देऊ नये, गाळण्यात सगळं जातं. नाचणी भिजवायची, फडक्यात मोड आणायचे, सावलीत सुकवायची, जरा भाजायची नि दळायची. या पिठाची पेज घट्ट होत नाही. साध्या पिठाची पेज दोन चमच्यांतच लापशीसारखी होते, मग बाई पाणी घालते आणि बाळाचं पोट पाण्यानेच भरतं. मोडाच्या पिठात त्याच वाटीत दुप्पट पीठ मावतं. वरून चमचाभर तेल आणि गूळ. माझ्या सासूबाई चिपळूणच्या, त्यांना यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण कृती हीच.

गुलमोहर८२
आजी, मोड किती दिवसांचे? आणि भाजताना करपू नये म्हणून काय करता?

नाचणीवाली_आजी
एक-दीड दिवस. मंद आचेवर, लोखंडाच्या कढईत. नखाएवढे मोड आले की पुरे, लांब आले तर कडू होतं.

स्टेथोवाली
आजींना सलाम. मोड आल्यावर धान्यातलं पिष्ट तुटायला लागतं, म्हणून पेज पातळ राहते. आणि तेलाबद्दल: एका चमच्यात ४५ कॅलरी. वाटीचा आकार न वाढवता खाणं जड करायचं, सगळी कसरत एवढीच.

शेवळा, तुमचा दिवस वाचून एक बाई आठवली. चौदा महिन्यांची मुलगी, वजन सव्वापाच किलो, दाखल केली. केंद्रात चौदा दिवस राहायचं असतं, आईला बुडीत मजुरीही मिळते. तिसऱ्या दिवशी बाई गाठोडं बांधून उभी. मी तावातावाने ओरडले. ती शांतपणे म्हणाली, आवणी चालू आहे, घरी चार वर्षांचा एक आहे, दोन शेळ्या आहेत, त्यांना कोण बघणार? बुडीत मजुरीच्या कागदात शेळ्या नव्हत्या, मुलगाही नव्हता. ती गेली. पुढचं मला माहीत नाही, माझी बदली झाली.

मूल दवाखान्यात आणण्यापेक्षा दवाखाना घरात नेला तर काय होतं, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आज आशाताई घरी येऊन बाळ बघते त्याचं मूळ तिथे आहे. खाण्याच्या बाबतीत छत्तीसगडच्या गनियारीतल्या जन स्वास्थ्य सहयोगने 'फुलवारी' चालवल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातल्याच बाया, दिवसा सांभाळायचं आणि दोन-तीनदा खाऊ घालायचं. थोडक्यात पाळणाघर. आई शेतावर, ताई शाळेत.

हडसनकाठचा
म्हणजे आम्ही इथे महिन्याला मोजतो तेच, डे-केअर. विचित्र वाटलं वाचून. माझी मुलगी अकरा महिन्यांची असल्यापासून तिथे जाते आणि कोणी आम्हाला अज्ञानी म्हटलं नाही.

सडेतोड
हे लागलं.

कातकरवाडीचा_मास्तर
उशिरा आलो, नेटवर्क. एक गोष्ट राहून गेली, वीटभट्टी. आमच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. बयाणा आधीच उचललेला असतो, लग्नाला नाहीतर आजारपणाला. मग भिवंडी, वसई, कल्याणकडे भट्टीवर. आठवड्याची खर्ची मिळते, त्यात तांदूळ-मिरची. बाळ विटांच्या थराशेजारी साडीच्या झोळीत. पावसाच्या तोंडावर परत येतात तेव्हा सेविका वजन करते आणि तक्त्यावरची रेघ खाली गेलेली असते. भट्टीजवळच्या अंगणवाडीत गेलं तर "आमच्या यादीत नाव नाही". इथल्या यादीत नाव आहे, पण मूल नाही. सहा महिने ते मूल कुणाचंच नसतं. आणि हे कातकरी, सरकारच्याच भाषेत 'विशेष असुरक्षित' जमात. महाराष्ट्रात अशा तीनच: कातकरी, कोलाम, माडिया गोंड.

आकडेमोड
म्हणजे स्थलांतराच्या महिन्यांतली वजनं कुठल्याच अहवालात नीट येत नसणार. मी वर टाकलेल्या आकड्यांकडे आता जरा संशयाने बघावं लागेल.

खवचट_काका
आकडेमोड यांनी स्वतःच्याच आकड्यांवर संशय घेतला, हा दिवस साठवून ठेवतोय. बाकी, पाऊस, तुम्ही जिवंत आहात का? तुमचे ४२ हजार तसेच पडलेत.

वळवाचा_पाऊस
आहे. वाचतोय आणि खजील होतोय. मूळ प्रश्नावर परत येतो. शेवळाताई, तुमच्या आईंना विचाराल का, त्यांच्या अंगणवाडीत असे ४२ हजार आले तर त्या काय करतील?

शेवळाची_भाजी
विचारलं. फोनवर आधी हसली. मग जे म्हणाली ते लिहिते.

"वाटायला येऊ नका म्हणावं. गाड्या येतात त्या दिवशी पोरांना नटवून रांगेत बसवावं लागतं, माझा दिवस जातो. सरकारची अमृत आहार योजना आहे. सात महिने ते सहा वर्षांच्या पोरांना आठवड्यातून चार दिवस अंडं नाहीतर केळी, महिन्याला सोळा. गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं पूर्ण जेवण. योजना चांगली आहे. पण पैसे वेळेवर येत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन महिने मी दुकानदाराकडून उधारीवर अंडी घेते. उधारी वाढली की तो तोंड फिरवतो. मग अंडी बंद. नेमकी पावसात."

तिच्याकडे त्या वयाची २८ मुलं आहेत. २८ गुणिले १६ म्हणजे ४४८ अंडी. अंडं सात रुपयांना धरलं तर महिन्याचे ३,१३६ रुपये. ती म्हणते, दुकानदाराकडे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ ठेवा, सरकारचे आले की मी त्यात परत भरीन. तेच पैसे फिरत राहतील. पैसे तिच्या हातात देऊ नका, हेही तिनेच सांगितलं. उद्या कुणी बोट दाखवायला नको.

उरले तर आवणीचे दोन महिने दोन म्हाताऱ्यांना रोज द्या, त्या अंगणवाडीतच तान्ही पोरं सांभाळतील. आणि एक मोठा कुकर. आहे त्याची शिट्टी उडते.

आकडेमोड
तीन महिन्यांचे ९,४०८. ३२ हजारांवर उरतात. हिशोब चोख आहे. तुमच्या आईंना अर्थखात्यात पाठवा.

स्टेथोवाली
अंडी थांबतात ते महिने आणि मुलं घसरतात ते महिने एकच. तिथे काम केलेल्या माझ्या डोक्यात ही उधारीची गोष्ट कधी आली नव्हती. मी आपली दंडाचे घेर मोजत बसले.

धारणीकर
आमच्याकडेही उधारीचीच कथा. फक्त दुकानदार वेगळा.

वळवाचा_पाऊस
अपडेट देतो. रविवारी सोसायटीची मीटिंग झाली, दोन तास. पावडर, बिस्किटं रद्द. मोखाड्याच्या शिक्षकांशी बोललो, तिथल्या सेविकाबाईंची अडचण शब्दशः तीच निघाली. दुकानदाराकडे आगाऊ रक्कम, दोन आज्यांचा रोज आणि कुकर मंजूर. अंड्यांना विरोध करणारे म्हणाले, आपण दुकानदाराला पैसे देतोय, तो काय विकतो तो त्याचा प्रश्न. फोटो काढायला तिघांनीच जायचं असंही ठरलं. (शून्य जणांनी जायचं हा माझा ठराव एका मताने पडला.)

फक्त चौथ्या मजल्यावरच्या काकू रुसल्या आहेत. डिंकाचे लाडू करून झालेत, दीडशे. त्यांचं काय करू?

शेवळाची_भाजी
आई म्हणते, ते लहान पोरांना नको, पण बाळंतिणींना चालतील. आणि दोन मदतनिसांना वेगळे काढून ठेवा, त्यांना कुणी कधी काही आणत नाही.

खवचट_काका
आणि झाडं?